दुसऱ्या मॉडेलच्या स्प्रिंगा टाकून गाडी बसवताय? या चुका टाळा

‘मालक, गाडी बसवली म्हणालाव, पण हिचं तर नाक वर आलंय की!’ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला माझा मेकॅनिक चाकाच्या कमानीत चार बोटं घालून हसत होता. आधी तिथं साडेतीन बोटं जात होती. माझी २०११ची स्कोडा लॉरा आरएस, १.८ पेट्रोल टर्बो. ती बसवायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, पुढं स्प्रिंगा टाकल्या होत्या डिझेल जेट्टाच्या, भंगारातून आणलेल्या. दोन्ही गाड्या एकाच घरातल्या, पाया एकच, बोल्ट बरोब्बर बसले. जुनी आणि नवी स्प्रिंग फरशीवर शेजारी उभी केली तर नवी बोटभर आखूड. म्हटलं, झालं काम.

पहिली चूक हीच. स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) उंची बघून गाडी किती बसेल ते कळत नाही. गाडीचं वजन आल्यावर ती किती दबते, ते बघायचं असतं. डिझेल इंजिन जड, म्हणून त्याची पुढची स्प्रिंग कंपनीनं कडक दिलेली. माझ्या हलक्या पेट्रोल इंजिनाखाली ती दबलीच नाही.

हिशोबासाठी गोल आकडे घेऊ. पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर ३८० किलो भार आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला २.५ किलोची आहे, म्हणजे दर २.५ किलोला ती १ मिमी दबते. एकूण ती १५२ मिमी दबणार. आता तेवढेच वेढे, तेवढाच घेर, फक्त तार १२ऐवजी १२.५ मिमी जाडीची. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरनं ती सुमारे १८ टक्के कडक होते आणि १२९ मिमीच दबते. नवी स्प्रिंग १५ मिमी आखूड असली तरी गाडी ८ मिमी वर! म्हणून भंगाराच्या दुकानात टेप नेऊ नका, जाडी बारीक मोजणारा व्हर्नियर न्या. तारेची जाडी, घेर, मोकळे (दबू शकणारे) वेढे, सगळं मोजा. जाडी मोजताना त्या जागचा रंग खरवडून घ्या, त्याचा थर फसवतो. स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपकेही टिपून ठेवा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल, ऑटोमॅटिकला वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात आणि ते ठिपके त्यांचीच खूण असतात.

याच्या उलट चूक जास्त लोक करतात, कारण तिचा निकाल पहिल्या दिवशी झकास दिसतो. डिझेल व्हेंटोला तीन सिलिंडरच्या पेट्रोल पोलोच्या स्प्रिंगा. प्लॅटफॉर्म एकच, गाडी मस्त खाली बसते, सात रस्त्यावर पोरं वळून बघतात. पण ती बसलेली नसते, दबलेली असते. गाडी खाली आली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. तेवढ्या जागेत धक्का जिरवायचा तर स्प्रिंग आधीपेक्षा कडक हवी. इथं उलट मऊ टाकली. मग पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन तुळजापूरला निघालात की पहिल्याच खड्ड्यात धप्प आवाज येतो. गाडी स्प्रिंगवर नाही, चाकाला शेवटी अडवणाऱ्या बंप स्टॉपच्या रबरावर चाललेली असते. ती रबरं महिन्या-दोन महिन्यांत फाटतात आणि मग मार थेट शॉकअपला. माझं मत विचाराल तर मऊ स्प्रिंग टाकण्यापेक्षा गाडी आहे त्या उंचीवर ठेवलेली बरी.

वेढा कापणं हा तिसरा प्रकार. कापल्यानं स्प्रिंग कडक होते हे खरं. सहा मोकळ्या वेढ्यांतला एक गेला की २० टक्के. पण टोकाचा आकार जातो. स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या एकत्र खांबाच्या) खालच्या वाटीत स्प्रिंगचं टोक टेकायला खाच असते. कापलेलं टोक तिथं बसत नाही, स्टिअरिंग वळवलं की ‘टण्ण’ करून सरकतं. गॅसनं कापली असेल तर त्या जागी पोलादाचं पाणीही उतरतं, ते मऊ पडतं. याहून जास्त यावर बोलायची माझी इच्छा नाही.

आखूड स्प्रिंगची एक परीक्षा बिनखर्चाची आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक हवेत लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हातानं हलवून बघा. खुळखुळली तर परत काढा. रस्त्यावर चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा तीच स्थिती असते, आणि सुटलेली स्प्रिंग वाकडी बसली तर टायरला घासू शकते.

मागच्या बाजूला माझा दुसरा घोटाळा झाला. लॉराला मागं मल्टिलिंक आहे, म्हणजे चाक अनेक दांड्यांनी (आर्मनी) धरलेलं. स्प्रिंग शॉकअपवर नसते, वेगळी आर्मवर बसते, तीही चाकापासून आत. त्यामुळे स्प्रिंगपाशी १० मिमी कमी केले की चाकापाशी त्याहून जास्त कमी होतात. मी पुढचा हिशोब मागं लावला आणि नाक वर, शेपूट खाली अशी गाडी घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, ‘डिकीत सिमेंटची पोती भरलीत का?’

आता जी चूक चांगले मेकॅनिकही करतात. लोअर आर्मच्या सांध्यातल्या बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले की रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं. गाडी थोडी उंच दिसते, कडक वाटते, आणि पुढं-मागं कधीतरी बुश फाटतं. बोल्ट हातानं घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबा, आणि मगच शेवटचा टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळा. गाडीखाली उतरायला गॅरेजचा खड्डा नसेल तर आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर येईपर्यंत उचला.

आवाज आणि लक्षणं साधारण अशी ओळखावीत. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग वळवताना टणटण: स्प्रिंगचं टोक खाचेत नाही किंवा वरचं बेअरिंग गेलंय. गतिरोधक उतरल्यावर गाडी दोन-तीनदा हिंदकळते: नव्या कडक स्प्रिंगला जुना शॉकअप आवरत नाहीये. टायर आतल्या कडेनं झिजतोय: चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय. ते दोनदा करा, बसवल्यावर लगेच एकदा आणि पाच-सातशे किलोमीटर चालून स्प्रिंगा टेकल्यावर पुन्हा. एक बाजू खाली वाटली तर जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरमधली हवा मध्ये येत नाही. आणि हेडलाइट विसरू नका. पुढची-मागची उंची बदलली की झोत बदलतो, आणि झेनॉन दिव्यांच्या गाड्यांत झोत आपोआप वर-खाली करणारा उंचीचा सेन्सर आर्मला जोडलेला असतो.

घरी हे काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो: स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) न लावता सोडू नका. दाबलेली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोरानं उडते. कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावा, हातानं आळीपाळीनं आवळा, एअर गन नको.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

माझी गाडी शेवटी माझ्याच मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंगा टाकून २५ मिमी खाली आहे, सोबत नवे शॉकअप. भंगारातल्या दोन्ही जोड्यांचे पैसे वाया गेलेच. मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, त्यावरून ती आरामात जाते. पण आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत लोकांनी स्वतःच केलेला एक आहे, जेमतेम दोन फूट रुंद. त्यावर मी आजही गाडी तिरकी घालतो, आणि मागं बसलेल्या आई इंजिनाखालचं चेंबर घासायच्या आधीच ‘हळू रे’ म्हणतात.