रात्री शॉर्टवेव्ह लागत नाही? आधी या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये रात्री दहाला शॉर्टवेव्हच्या (लांबची केंद्रं ऐकवणाऱ्या लहरींच्या) १३ मीटर बँडवर, म्हणजे पट्ट्यावर, सुई फिरवून 'रेडिओ गेला' म्हणणारे बरेच भेटतात. रेडिओ ठणठणीत असतो, बँड बंद झालेला असतो.

सूर्य मावळला की वातावरणात साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, विद्युतभारित कणांचा 'डी' थर विरून जातो. दिवसा हाच थर खालच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे मोठ्या मीटरचे बँड, गिळतो. तो गेला की ४९ आणि ४१ मीटर जागे होतात. वरचा 'एफ' थर रात्रभर टिकतो खरा, पण पातळ होत जातो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे १३ सारख्या छोट्या मीटरच्या, लहरी खाली न वळता सरळ अवकाशात निघून जातात. म्हणून अंधार पडला की मीटरचा आकडा वाढवत जायचं: संध्याकाळी २५, मग ३१, जेवणं आटोपली की ४१ आणि ४९. हिवाळ्यात हे सगळं लवकर होतं. मे महिन्यात १९ मीटरही बराच वेळ साथ देतो. जवळची केंद्रं रात्री हरवून लांबची लागली तर तेही बरोबरच आहे.

वेळेचा घोळ तर नेहमीचा. केंद्रांची वेळापत्रकं युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. रविवारी २०:३० युटीसीचा कार्यक्रम आपल्याकडे सोमवारी पहाटे दोनला! शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी बदलतात.

सतत घरघर येत असेल तर रेडिओ सेलवर लावा आणि घरातला मेन स्विच बंद करून बघा. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, यांपैकी कोणीतरी चोर सापडतोच. लाइट गेल्यावर नाशिककर वैतागतात, शॉर्टवेव्हवाले मात्र तेव्हाच रेडिओ काढतात. वळिवाच्या दिवसांतली कडकड वेगळी, ती विजांची. तेव्हा ४९ सोडून ३१ वर या.

अँटेना म्हणून गच्चीभर वायर ताणण्याचा मोहही आवरा. रात्री सिग्नल इतके तगडे असतात की स्वस्त संच गुदमरतो. ४५५ किलोहर्ट्झ आयएफच्या (संचाच्या आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी) साध्या रेडिओत एखादं तगडं केंद्र खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा बोलू लागतं. गॅलरीबाहेर पाच-सहा मीटर वायर पुरे, फक्त विजेच्या तारांपासून लांब.

तरीही शंका असेल तर ५ किंवा १० मेगाहर्ट्झ लावा. चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे टिकटिक ठोके आले तर संच ठीक आहे, बँड बदला. तेही नसतील तर सेल आणि अँटेनाचा सांधा तपासा.