रेडिओ चालू झाला की ओलाव्याचा आकडा उडायचा

रावेरकडच्या आमच्या केळीच्या बागेत मातीचा ओलावा मोजून लोराने (कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओने) घरी पाठवणारं सर्किट बसवलंय. 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात. पाठवणी सुरू असताना घेतलेलं रीडिंग भलतंच यायचं. ठिबक त्याच आकड्यावर चालतं, त्यामुळे दुर्लक्ष करणं शक्यच नव्हतं.

अँटेना काढून तिथे 50 ओहमचा डमी लोड लावला, म्हणजे लहरी बाहेर न फेकता ताकद जिरवणारा रेझिस्टर. उडी बरीच कमी झाली, पण गेली नाही. म्हणजे दुखणी दोन. सेन्सरची लांब वायर रेडिओलहरी पकडत होती. शिवाय पूर्ण ताकदीवर रेडिओ 100 मिलिअँपिअरच्या वर करंट ओढतो, तेव्हा 3.3 व्होल्टचा सप्लाय खाली बसत होता, आणि एडीसी (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ज्याच्याशी तुलना करून मोजतो, तो संदर्भही तोच सप्लाय!

रेडिओला वेगळा रेग्युलेटर दिला. एडीसीच्या तोंडाशी 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर असा फिल्टर, वायरवर रेडिओलहरी अडवणारं फेराइटचं कडं. बोर्डावरचा ग्राउंड (शून्य व्होल्टचा सामायिक थर) अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असा तोडायचा सल्ला सर्रास मिळतो. मला अखंड ग्राउंडच पटतं. प्रोग्राममध्ये आधी रीडिंग, मग पाठवणी, असा क्रम लावला. शेजारच्या ओळीतला दुसरा नोड (असंच दुसरं सर्किट) मात्र कधीही पाठवतो, तिथे फिल्टरच कामी येतो.