पीक दिसलं म्हणजे मॅग्नॉन नव्हे: रमण प्रयोगात या चुका टाळा

जुलैत ठाण्याहून वाशीची लोकल उशिरा, आणि लॅबमध्ये शिरावं तर क्रायोस्टॅटच्या (सॅम्पल अतिथंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) काचेवर दव. नवी मुंबईच्या दमट हवेत हे ठरलेलंच. मी काचेवर कोरडा नायट्रोजन सोडला. दव गेलं, पण रमण स्पेक्ट्रममध्ये (सॅम्पलवरून विखुरताना लेसरचा प्रकाश किती ऊर्जा गमावतो त्याचा आलेख, प्रति सेमी या एककात) १२० प्रति सेमीच्या खाली पीकांची रांगच उगवली. आमचा स्फटिक फेरस फ्लोराइडचा. त्याचा मॅग्नॉन, म्हणजे चुंबकीय अणूंच्या स्पिनमधली लाट, साधारण ५२ वर असतो, त्यामुळे दिवसभर आम्ही खुशीत होतो.

त्या रेषा फिरणाऱ्या नायट्रोजन रेणूंच्या होत्या, सुमारे आठ-आठ प्रति सेमी अंतरावर. हवेत तो तसाही ७८ टक्के असतो, वर आम्ही ओतला. आता आर्गॉन सोडतो. एकट्या अणूला असं फिरणं नाही.

५३२ नॅनोमीटरच्या लेसरवर ४८४ प्रति सेमीच्या आसपास बारीक, टोकदार पीक आलं, तर आधी ट्यूबलाइट बंद करा. ती पाऱ्याची हिरवी रेषा आहे. लेसर बदलला की रमण पीकचं लेसरपासूनचं अंतर तेवढंच राहतं, अशी रेषा मात्र सरकते.

सगळ्यात हट्टी चूक तापमानाची. मीटर १० केल्विन दाखवतो, पण लेसरचा ठिपका पडतो तिथलं काय? त्या तापमानाला ५२ च्या पीकचा अँटी-स्टोक्स जोडीदार (प्रकाश ऊर्जा गमावण्याऐवजी मिळवतो तेव्हाचं, उलट बाजूचं पीक) हजारात एक भागसुद्धा नसतो. तो ठळक दिसला तर स्फटिक तापलाय. पॉवर अर्धी करून पुन्हा मोजा.

दोन मॅग्नॉनचं पीक ५२ च्या दुप्पट, म्हणजे १०४ वर शोधत बसू नका. ते १५४ च्या आसपास येतं. एका मॅग्नॉनचं पीक ब्रिलुआँ झोनच्या (स्फटिकातल्या लाटांच्या संवेगांच्या नकाशाच्या) मध्यातलं, जिथे संवेग जवळपास शून्य. जोडीतले दोघे उलट दिशांचे, त्यामुळे त्यांच्या संवेगांची बेरीज शून्यच, आणि बहुतेक जोड्या झोनच्या कडेच्या, जिथे ऊर्जा जास्त. नेल तापमान (ज्याच्या वर स्पिनची शिस्तबद्ध मांडणी मोडते), इथे सुमारे ७८ केल्विन, ओलांडल्यावरही हे पीक रुंद होऊन टिकतं. तेवढ्यावरून सॅम्पल खराब ठरवू नका. हीच ओळख चुंबकीय क्षेत्रातही: ते स्फटिकाच्या सी-अक्षाच्या दिशेने लावलं की एका मॅग्नॉनचं पीक फुटतं, जोडीचं फुटत नाही.

ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) जुळत नसेल तर स्फटिक अक्षावर नीट बसलाय का ते पाहा. थोडा तिरका बसला तरी द्विअपवर्तन (ध्रुवीकरणानुसार स्फटिकात प्रकाशाचा वेग वेगळा असणं) घोळ घालतं.