वेगळ्या वळणाचा चित्रपट कसा पाहावा

विनोदी आणि मारधाडीच्या चित्रपटांवर वाढलेल्या माणसासमोर एखादा संथ चित्रपट आला की दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो. त्याला लगेच अभिरुचीची कमतरता म्हणू नये. डोळ्यांना एका वेगाची सवय झालेली असते आणि ती बदलता येते.

१. आधी टीव्ही नीट लावा.
बहुतेक चित्रपटांची गती सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं, असते. नव्या टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ मधल्या चौकटी स्वतःच बनवून घुसडतं आणि उत्तम छायाचित्रणही मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. जुन्या चित्रपटाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर झूमही करू नका. तेव्हाच्या पडद्यावरच्या चित्राचा आकार चौरसाच्या जवळ जाणारा होता. झूम केलं की माणसांची डोकी कापली जातात.

२. जोडी लावून पाहा.
दोन वेगळ्या प्रकारांचे चित्रपट घ्या आणि दोन्हींना एकच प्रश्न विचारा: आपल्याला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय? ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) पार्वती म्हणजे परशा हे आपल्याला माहीत असतं, घरमालकिणीला नसतं, म्हणून ती समोर आली की हसू फुटतं. रहस्यपटात दाराआड कोण लपलंय ते आपण पाहिलेलं असतं आणि नायिका नेमकी तेच दार उघडायला निघते. युक्ती तीच, फक्त इथे घाम फुटतो. ‘भयपट आपल्याला झेपत नाहीत बुवा’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

३. शॉट किती वेळ टिकतो ते बघा.
माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी सवय हीच. एक प्रसंग निवडा आणि शॉट, म्हणजे सलग दिसणारं दृश्य, तुटेपर्यंत मनात आकडे मोजा. मारधाडीच्या प्रसंगात दोन-तीनच्या पुढे जाल तर शपथ. मग चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) लावा. कॅमेरा लांब, एका जागी ठाण मांडून बसलेला. कुणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन ‘इथे बघा’ असं तो सांगत नाही, त्यामुळे बघायचं काम आपल्यावर येतं. वकील बोलत असताना मागच्या बाकांवर काय चाललंय तेही दिसू लागतं आणि न्यायालयातला कंटाळा हाच चित्रपटाचा विषय आहे हे लक्षात येतं. याच रांगेत जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) ठेवा. त्यात कॅमेरा फार खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या आसपासच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही. आपण त्या घरात पाहुणे म्हणून बसलो आहोत असं वाटू लागतं.

४. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून.
पाच मिनिटांचा तुकडा पुरे. ‘सैराट’ (२०१६) या कामाला उत्तम. पूर्वार्धात गाण्यांची रेलचेल आहे, उत्तरार्धात ती थांबतात. शेवटच्या क्षणांत तर आवाजच काढून घेतला आहे. कथा ठाऊक असली तरी या दृष्टीने पुन्हा पाहा.

५. ‘खोटं’ दिसतंय म्हणून सोडू नका.
जर्मनीतल्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’त (१९२०) भिंती तिरक्या आहेत, सावल्या चक्क रंगवलेल्या आहेत. दशावतारात साध्या बाकड्याचं सिंहासन होतं तेव्हा आपण तक्रार करत नाही. तीच मोकळीक इथे द्या. ते वाकडं गाव म्हणजे बिथरलेल्या मनाचं चित्र आहे. ॲनिमेशनलाही हाच न्याय. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर दोष बहुधा दाखवण्याच्या गतीचा असतो: मूळ चित्रीकरण कमी गतीने झालेलं आणि प्रत २४ चौकटींनी फिरवलेली. जमल्यास गती सुधारलेली प्रत शोधा.

६. चारचौघांत पाहा.
मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी, म्हणजे चित्रपट एकत्र पाहणाऱ्यांची संस्था, आहे, पुण्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तुमच्या गावात फिल्म सोसायटी असेल तर सभासद व्हा. महोत्सवात मात्र दिवसाला पाच चित्रपट कोंबण्याचा हव्यास नको. दोन पाहा, मध्ये चहा घ्या आणि न आवडलेल्या चित्रपटावर आवडलेल्यापेक्षा जास्त वेळ भांडा.