नव्या डिझेल गाडीच्या इंजिनाचा आवाज आणि इंधनाची निवड : या चुका टाळा

पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्या माणसाने पहिल्यांदा डिझेलची गाडी घरी आणली की पहिल्या आठवड्यातच त्याच्या मनात शंका घर करते. सकाळी अंगणात गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून येणारी कडक टकटक त्याला बिघाडासारखी वाटते, आणि मग घरातले, शेजारचे, पंपावरचे असे सगळेच एक सल्ला देतात, तो म्हणजे डिझेल बदलून बघा. रत्नागिरीत राहून मीही हा सल्ला मनोभावे पाळला. तीन महिने दर वेळी महागडे डिझेल भरले, दोनदा पंप बदलला, आणि खडखड होती तिथेच राहिली. शेवटी गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरची एक क्लिप तुटलेली सापडली. आमच्या वाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या रस्त्यावर ते कव्हर कुठेतरी घासले होते आणि ठरावीक रेसला इंजिनाबरोबर थरथरत होते. नवी क्लिप बसवायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आवाज कुठून येतो, केव्हा येतो आणि कशाबरोबर वाढतो हे न पाहता आम्ही थेट इंधनावर आळ घेतला होता. कोकणातल्या अनेक नव्या डिझेल मालकांचे हेच होते, म्हणून हा लेख सविस्तर लिहीत आहे.

इंजिनाच्या स्वाभाविक आवाजाला बिघाड समजणे

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण १६ पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र फवारा सुटल्यापासून प्रत्यक्ष पेट घेईपर्यंत अगदी सूक्ष्म उशीर होतो आणि तेवढ्या वेळात जमलेले इंधन एकदम जळते. त्या क्षणी एकाएकी वाढणाऱ्या दाबाचा ठोका म्हणजेच डिझेलची ओळखीची टकटक होय. इंजिन थंड असताना हा उशीर वाढतो, म्हणून टकटकही वाढते. आजच्या कॉमन रेल इंजिनांत (यांत एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना खूप दाबाने डिझेल पुरवले जाते) मुख्य फवाऱ्याच्या आधी अगदी थोडे इंधन सोडून आग हळूच लावून घेतली जाते आणि त्यामुळे जुन्या जीपसारखा धडधडाट आता ऐकू येत नाही, तरी आवाज पेट्रोलइतका मऊ होणे शक्य नाही.

कोकणातला हिवाळा सौम्य असला तरी रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळची पहिली एक-दोन मिनिटे मोठ्याने बोलणारच. ती जांभ्याच्या गडग्यालगत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर तोच आवाज आपटून दुप्पट वाटतो. शंका असेल तर गाडी मोकळ्या मैदानात नेऊन, इंजिन पूर्ण तापल्यावर, काचा बंद करून आतून ऐकावे. तिथे आवाज सम आणि स्थिर असेल, गाडी हादरत नसेल आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नसेल, तर बहुधा काळजीचे कारण नाही.

सगळे आवाज एकाच पोत्यात भरणे

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर आपण ‘इंजिन आवाज करते’ एवढेच सांगतो, आणि मेकॅनिकही ‘डिझेल आहे, आवाज येणारच’ एवढेच उत्तर देतो. दोघांच्याही बोलण्यातून काही हाती लागत नाही. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवून पाहावी. एखाद्या ठरावीक टप्प्यावरच खडखड होत असेल आणि पुढे नाहीशी होत असेल, तर कव्हर, सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा किंवा एखादा ब्रॅकेट सैल असण्याची शक्यता जास्त असते. पावसाळी सकाळी गाडी सुरू करताच चिरका आवाज येऊन काही सेकंदांत थांबत असेल तर बेल्ट तपासावा. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर दोष क्लचच्या किंवा फ्लायव्हीलच्या बाजूला शोधावा. एकाच जागेवरून टकटक येत आहे आणि त्याबरोबर इंजिन लंगडत आहे, असे असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची तपासणी करून घ्यावी. ॲक्सिलेटर दाबल्यावर येणारी बारीक शिट्टी टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाची असते आणि ती चालते. मात्र फसफस हवा सुटल्यासारखा आवाज, काळा धूर आणि ओढ कमी होणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर टर्बोचा एखादा पाइप सुटलेला असू शकतो.

एका आवाजाच्या बाबतीत मात्र थांबून ऐकत बसू नये. खोलवरून येणारा जड ठोका रेसबरोबर वाढत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी जागच्या जागी बंद करावी आणि ओढून न्यावी. ‘घरापर्यंत तरी जाऊ’ हा विचार इंजिनाच्या मुळावर येतो.

आमच्याकडे आंब्या-फणसाच्या झाडाखाली गाडी उभी करण्याची पद्धत आहे, त्यामुळे काचेखालच्या जाळीत सुकी पाने साठतात आणि रात्री बॉनेटखाली उंदीर शिरतात. बॉनेटच्या आतल्या बाजूला आवाज शोषण्यासाठी लावलेला जाड थर उंदरांनी कुरतडला की गाडी ‘अचानक’ जास्त आवाज करू लागते. बॉनेट उघडून तो थर आधी पाहावा.

घाटात वरच्या गिअरवर गाडी ओढत नेणे

ही चूक इंधनाच्या नावावर सर्वाधिक वेळा खपवली जाते. साखरप्यावरून आंबा घाट चढताना किंवा चिपळूणहून कुंभार्ली चढताना अनेकजण डिझेल वाचावे म्हणून चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर येत नाहीत. वळणावर गाडीचा वेग पडतो, रेस खूप खाली येते, आणि मग पूर्ण ॲक्सिलेटर दाबला की बॉनेटखालून घणाघाती घरघर ऐकू येते आणि ती गिअरच्या दांड्यापर्यंत जाणवते. कमी फेऱ्यांवर प्रत्येक ठोक्याला जास्त काम करावे लागते, टर्बोला पुरेशी हवा मिळालेली नसते, काजळी वाढते आणि इंजिनाच्या माउंटिंगवर ताण येतो. त्या दिवशी भरलेले डिझेल कितीही चांगले असले तरी ही घरघर येणारच. वळण घेण्याआधी एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचा सूर उंच होईल, पण ओढाताण थांबेल. इंधन वाचते ते वेळेवर बदललेल्या गिअरमुळे.

गाडी अगदी नवी असेल तर पहिल्या हजार किलोमीटरच्या आसपास हे अधिक कटाक्षाने पाळावे. रेस फार वर न्यावी असे नाही आणि एकाच वेगात तासन्‌तास धावावे असेही नाही. पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाहून चालवावे. घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात तर टर्बोसाठी इंजिन अर्धा-एक मिनिट तसेच चालू ठेवून मग बंद करावे.

ऑक्टेन, सीटेन आणि ‘प्रीमियम’ यांची गल्लत

पंपावर ‘पॉवर’ किंवा ‘१०० ऑक्टेन’ अशा पाट्या पाहून आपल्या गाडीलाही असे काही घालावे असे नव्या मालकाला वाटते. ऑक्टेन हा अंक पेट्रोलचा आहे, आणि तो इंधन आपोआप पेट घेण्याला किती विरोध करते हे सांगतो. डिझेलला नेमके उलट लागते. ते दाबाने चटकन पेटले पाहिजे, आणि ती क्षमता सीटेन अंकाने मोजतात. भारतात बीएस-६ (भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक) डिझेलसाठी हा अंक किमान ५१ असावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. म्हणजे राजापूरच्या पंपावरचे साधे डिझेल आणि मुंबईच्या पंपावरचे साधे डिझेल यांना मानक एकच आहे. इथेनॉलच्या मिश्रणाची चर्चा ऐकून डिझेल गाडीवाले घाबरतात, पण ते मिश्रण पेट्रोलमध्ये केले जाते.

मग महागड्या डिझेलचा उपयोग काय? त्यात इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी, फेस कमी करणारी, काही वेळा सीटेन वाढवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. सीटेन वाढल्याने थंड इंजिनाची टकटक थोडी मवाळ होऊ शकते. मात्र नव्या गाडीचे इंजेक्टर स्वच्छच असतात, आणि सैल क्लिप, कुरतडलेला थर किंवा चुकीचा गिअर यांवर ते काहीही करू शकत नाही. परवडत असेल तर भरावे, नुकसान नाही. पण ते औषध समजून भरू नये. बाजारात मिळणाऱ्या ‘ॲडिटिव्ह’च्या बाटल्या मात्र कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय टाकीत ओतू नयेत, कारण पुढे वॉरंटीचा प्रश्न उभा राहू शकतो.

जुने मिस्त्री कधी कधी ‘थोडे रॉकेल घाला, आवाज बसेल’ असे सांगतात. कॉमन रेलच्या पंपात इंधन १६०० ते २००० बार इतक्या दाबाने ढकलले जाते; तुलनेसाठी, आपल्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. त्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच, आणि रॉकेलमध्ये तो चिकटपणा कमी असतो. हा सल्ला ज्या इंजिनांसाठी होता ती इंजिने वेगळी होती.

डिझेलमधले पाणी : कोकणातला खरा प्रश्न

इंधनाबाबत काळजी करायचीच असेल तर ती नावाची करू नये, स्वच्छतेची करावी. जून ते सप्टेंबर या काळात आमच्या हवेत इतका ओलावा असतो की कपाटातले कपडेही दमट होतात. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठ-आठ दिवस उभी केली तर वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रात्री गार पडते आणि पत्र्याला, प्लास्टिकला पाण्याचे थेंब धरतात. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते तळाशी बसते आणि थोडे थोडे साठत जाते. पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, असे मी सांगतो ते यासाठी.

पंपावर नवा टँकर नुकताच रिकामा होत असेल तर तळचा गाळ ढवळलेला असू शकतो. थोडे थांबावे किंवा नंतर यावे. ज्या पंपावर विक्री सतत चालते तिथले डिझेल ताजे असते, म्हणून खूप आडवाटेच्या पंपापेक्षा महामार्गावरचा वर्दळीचा पंप बरा. पावती जपून ठेवावी. डिझेलची त्या दिवसाची घनता पाहण्याचा आणि शंका असेल तर ५ लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तो निःसंकोच वापरावा.

बंदराच्या गावांत आणखी एक मोह असतो. घरात मच्छीमार नौका असेल तर जेटीवरच्या पिंपातले डिझेल गाडीत ओतण्याची सोय समोर दिसते. नौकेच्या डिझेलवर शासन कराचा परतावा देते आणि ते नौकेसाठीच आहे, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात ठेवलेल्या पिंपात पाणी आणि गंज जाणे टळत नाही. नौकेचे साधे इंजिन ते सोसत असेल, पण तुमच्या गाडीच्या इंजेक्टरची भोके केसाइतकी बारीक आहेत.

गाडीच्या फिल्टरला बहुधा पाणी वेगळे करणारा कप्पा असतो, आणि त्यात पाणी साठले की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा एकदा लागून विझला म्हणून दुर्लक्ष करू नये. पहिल्या पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसिंगला मी त्या कप्प्यातले डिझेल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत काढून मागितले आणि बरणी वीस मिनिटे खिडकीत ठेवली. वरचे डिझेल फिकट पिवळे आणि आरपार होते, पण तळाशी बोटाच्या पेराएवढा रंगहीन थर स्पष्ट रेघ आखून बसला होता आणि बरणी कलती केली की तो पाऱ्यासारखा एका बाजूला घरंगळत होता. त्या दिवसापासून टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. सगळेच डिझेल ढगाळ दिसत असेल तर पाणी त्यात मिसळले गेले आहे, आणि मग फिल्टर बदलून टाकीही तपासून घ्यावी.

डीपीएफ तापत असताना गाडी बंद करणे

मारुती मंदिर ते मांडवी अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांची ही तक्रार असते. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) असतो आणि तो भरत आला की गाडी आपणहून तो तापवून काजळी जाळते. त्या वेळी न्यूट्रलमधली रेस थोडी चढलेली राहते, आवाज जाडसर होतो, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतो आणि गरम वास येतो. हा बिघाड नाही. अर्ध्यात गाडी बंद करत गेल्यास मात्र काजळी साठते आणि शेवटी दिवा लागतो. पंधरवड्यातून एकदा हातखंब्यावरून महामार्ग धरून लांज्यापर्यंत सलग वेगात जाऊन यावे. ऑइलही पुस्तिकेत सांगितलेल्या, डीपीएफला चालणाऱ्या दर्जाचेच घालावे.

पेट्रोल भरले गेले किंवा पाण्यात गाडी बुडाली तर

नोझल चुकून पेट्रोलचे लागले तर चावी फिरवू नये. नुसता दिवा लागण्यापुरती फिरवली तरी टाकीतला पंप चालू होऊन पेट्रोल पुढे जाऊ शकते. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी काही डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत भरायचे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण, त्याचे निळे झाकण वेगळे असते. ते डिझेलच्या टाकीत गेले तरीही हाच नियम.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर कित्येक गाड्या चिखलातून काढाव्या लागल्या. अशा वेळी गाडी चालू होते का हे पाहण्याचा मोह अत्यंत घातक असतो. हवेच्या मार्गातून सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी ठोका येऊ लागला की तोही डिझेलवर ढकलला जातो.

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी मोबाइलवर आवाजाची दोन ध्वनिमुद्रणे करावीत, एक सकाळी थंड इंजिनाचे बॉनेट बंद ठेवून आणि एक तापलेल्या इंजिनाचे ज्या रेसला आवाज येतो तिथे धरून. जॉब कार्डवर ‘आवाज’ एवढेच लिहू देऊ नये. किती किलोमीटरनंतर, कोणत्या गिअरला, साधारण किती रेसला, पाऊस होता की नाही आणि शेवटचे डिझेल कधी भरले, हे आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्यावे आणि मग मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक फेरी मारावी.