गूगल फॉर्मवर रिव्हिजन घेताय? आधी हिंट लिहायला शिका

मी मालवणजवळच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. फॉर्मवर उजळणी घ्यायला लागले तेव्हा साधी क्विझच बनवायचे, मुलं पटापट टिक करून सबमिट करायची, दहापैकी सहा बघायची आणि फोन शेजारच्याकडे, चुकलेलं का चुकलं ते उघडून कोणी बघायचंच नाही.

मग रिस्पॉन्स व्हॅलिडेशन हाती लागलं, म्हणजे आपण ठरवलेलं उत्तर आल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ न देणारी सोय. शॉर्ट आन्सरचा प्रश्न घ्यायचा, खालच्या तीन टिंबांत ते ऑन करायचं, बरोबर उत्तर भरायचं, आणि शेजारी एरर टेक्स्टचा, म्हणजे उत्तर चुकलं की मुलाला दिसणाऱ्या ओळीचा, रकाना असतो ना, खरं शिकवणं तिथे होतं. नवीन शिक्षक तिथे ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ लिहून मोकळे होतात, तसं कृपया करू नका. माझा प्रश्न होता, सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम कोणत्या साली सुरू झालं? एररमध्ये मी लिहिलं, ‘पुरंदरचा तह 1665 चा, त्याच्या आदल्या वर्षी बघ.’ मूल तिथेच थांबून विचार करतं, आणि हेच तर हवंय आपल्याला. प्रत्येक प्रश्न वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवा म्हणजे उत्तर बरोबर आल्याशिवाय नेक्स्ट होत नाही. रिक्वायर्ड मात्र आठवणीने ऑन करा, नाहीतर रकाना रिकामा सोडून पोरं थेट शेवटाला पोचतात.

आता माझी चूक सांगते. सातवीतली एक मुलगी त्याच प्रश्नावर अडकली, तीनदा पुसून तीनदा लिहिलं, डोळ्यांत पाणी. "बाई, बरोबर लिवलंय तरी घेणा नाय." जाऊन बघते तर तिने मराठी कीबोर्डवर १६६४ लिहिलेलं आणि मी फक्त इंग्रजी आकडे भरलेले! तिचं उत्तर बरोबर आणि माझा फॉर्म तिला चूक म्हणतोय, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी व्हॅलिडेशनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (एका उत्तराची अनेक रूपं चालवून घेणारा पर्याय) निवडते, त्यात कंटेन्स (उत्तरात यातलं एखादं रूप असलं की पुरे), आणि उभी रेघ देऊन सगळी रूपं लिहिते: 1664|१६६४. किल्ला कोणत्या बेटावर आहे याला कुरटे|कुर्टे|खुर्टे. रेघेच्या आजूबाजूला स्पेस सोडायची नाही. कंटेन्सऐवजी मॅचेस (उत्तर तंतोतंत तेवढंच हवं) निवडलंत तर उत्तरामागे चुकून पडलेली एक स्पेससुद्धा नडते.

गणितवाल्यांना सोपं आहे, नंबर घेऊन बिट्वीन 3.1 आणि 3.2 दिलं की पायची किंमत कोणी 3.14 लिहो की 3.142, चालतं.

आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो, म्हणून पाच-सहा प्रश्नांच्या वर जाऊ नका. वर्गात द्यायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या फोनवर, मराठी कीबोर्ड लावून, मुलं लिहितील तशी उत्तरं टाकून बघा. मी अजूनही बघते, आणि दर वेळी एखादं रूप राहिलेलं सापडतंच.