पेनिट्रेशन टेस्टिंगचा सराव: स्वतःची लॅब, पहिला स्कॅन, पहिला शिरकाव

पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे परवानगीने एखाद्या सिस्टिममध्ये घुसून तिच्या त्रुटी शोधणं. त्यासाठीच बनवलेल्या काली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेकडो टूल्स आयती मिळतात, पण ती चालवायची कुणावर? दुसऱ्याच्या वायफायवर, ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा कुठल्याही वेबसाइटवर लेखी परवानगीशिवाय ‘नुसतं स्कॅन करून बघणं’सुद्धा अंगाशी येऊ शकतं. म्हणून सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन घ्यायचं आणि ते स्वतःच्याच कॉम्प्युटरमध्ये कोंडून ठेवायचं.

लॅबची उभारणी

८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर पुरतो. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका; हे सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरमध्ये दुसरे आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवतं. कालीच्या अधिकृत साइटवरून तयार व्हर्च्युअल मशीन उतरवा आणि फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा ठसा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. या मशीनला २ जीबी रॅम द्या. युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘काली’ असतात, पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदला.

लक्ष्य म्हणून रॅपिड७ कंपनीचं मेटास्प्लॉइटेबल २ हे मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन घ्या. ते उबुंटू ८.०४वर बांधलेलं आहे आणि ५१२ एमबी रॅममध्ये चालतं. झिप उघडल्यावर व्हीएमडीके डिस्क मिळते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन बनवताना नवी डिस्क न घेता हीच जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाची सेटिंग. मेटास्प्लॉइटेबलला एकच नेटवर्क अडॅप्टर ठेवा आणि तो ‘होस्ट-ओन्ली’ (फक्त तुमच्याच कॉम्प्युटरच्या आतलं नेटवर्क) करा. ‘ब्रिज्ड’ केलात तर ते घरच्या राउटरवर इतर उपकरणांच्या शेजारी जाऊन बसतं, आणि त्या नेटवर्कवरचा कोणीही त्यात शिरू शकतो. कालीला दोन अडॅप्टर द्या: अपडेटसाठी नॅट (इंटरनेटकडे जाणारी वाट) आणि लॅबसाठी होस्ट-ओन्ली. शेवटी दोन्ही मशीनचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची साठवलेली प्रत) घ्या, म्हणजे काही बिघडलं की मिनिटभरात मूळपदावर येता येतं.

स्कॅन करायचा आणि वाचायचा

पेनिट्रेशन टेस्टिंगमधलं खरं कौशल्य इथे आहे. घुसण्याचं काम पाच मिनिटांचं असतं, कुठून घुसता येईल हे हुडकायला दिवस जातात.

आधी एनमॅप हे नेटवर्क तपासणारं टूल कालीतून ‘-एसएन’ पर्यायासह संपूर्ण होस्ट-ओन्ली नेटवर्कवर चालवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते बहुधा १९२.१६८.५६.०/२४ असतं. कोणती मशीन जागी आहेत ते कळेल. यादीत तुमचा स्वतःचा कॉम्प्युटरही दिसेल, त्याला लक्ष्य समजू नका.

मग लक्ष्याच्या आयपीवर ‘-एसव्ही’ चालवा (एस स्मॉल, व्ही कॅपिटल, उलट केलंत तर चालणार नाही). पोर्टमागे (पोर्ट म्हणजे एखाद्या सेवेशी जोडण्याचं क्रमांकाचं दार) कोणतं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची आवृत्ती काय, हे यातून कळतं. पुढे ‘सुडो’ (सर्वाधिकार देणारी कमांड) लावलात तर एनमॅप अर्धवट जोडणीचा सिन स्कॅन करतो, एरवी अधिकार नसतील तर प्रत्येक पोर्टशी पूर्ण जोडणी करतो; नव्या कालीत सिन स्कॅन ‘सुडो’शिवायही होतो.

मेटास्प्लॉइटेबलवर २३ उघडे पोर्ट दिसतील आणि काम झालं असं वाटेल. पण एनमॅप स्वतःहून फक्त १००० नेहमीचे पोर्ट तपासतो, आणि टीसीपी पोर्ट आहेत ६५,५३५. ‘-पी-’ जोडून पुन्हा चालवा. आता ३६३२वर बसलेली डिस्टसीसी (प्रोग्रॅम कंपाइल करण्याचं काम अनेक मशीनवर वाटणारी) सेवाही दिसेल, आणि तिच्यातूनही आत जाता येतं. घाईत हीच पायरी सर्वाधिक सुटते. प्रत्येक स्कॅन ‘-ओए’ने फाइलमध्ये साठवा, अहवालाला तोच पुरावा लागतो.

शिरकाव, आधी हाताने

पोर्ट २१वर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हे फाइल देवाणघेवाणीचं (एफटीपी) सॉफ्टवेअर दिसतं. २०११ च्या जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला या आवृत्तीच्या डाउनलोड फाइलमध्येच कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. नेटकॅट या थेट पोर्टशी बोलणाऱ्या टूलने लक्ष्याच्या पोर्ट २१ला जोडा. ‘यूजर’ कमांडनंतर कोणतंही नाव लिहून शेवटी कोलन आणि बंद कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह टाका. मग ‘पास’ आणि काहीही पासवर्ड. ती जोडणी तशीच लटकेल, लटकू द्या. दुसऱ्या टर्मिनलमधून पोर्ट ६२००ला जोडा आणि ‘आयडी’ टाइप करा. उत्तरात रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता दिसेल.

हेच काम मेटास्प्लॉइट हे हल्ल्यांचे तयार मॉड्यूल असलेलं टूल एका मॉड्यूलने करतं, पण हाताने केल्यावर आत काय घडतं ते समजतं. पुढचा सराव साम्बा या फाइल शेअरिंग सेवेच्या ‘यूजरमॅप स्क्रिप्ट’ मॉड्यूलवर करा. इथे बरेच जण अडकतात: हल्ला पूर्ण झाल्याचा संदेश येतो, पण सेशन (लक्ष्यावर मिळणारी कमांडची जोडणी) उघडत नाही. कारण बहुतेक वेळा एलहोस्ट, म्हणजे लक्ष्याने उलट जोडणी करायचा तुमचा पत्ता, असतं. कालीला दोन अडॅप्टर असल्यामुळे मेटास्प्लॉइट नॅटचा १०.०.२.१५ हा पत्ता उचलतं. लक्ष्याला त्या पत्त्यावर उलट जोडणी करताच येत नाही. एलहोस्टमध्ये होस्ट-ओन्लीचा पत्ता स्वतः टाका.

रूट मिळाल्यावर पासवर्डच्या शॅडो फाइलमधले हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) कालीवर आणून ‘जॉन द रिपर’ या पासवर्ड ओळखणाऱ्या टूलला द्या. सोबत रॉकयू ही नेहमीच्या पासवर्डची यादी वापरा. ती कालीमध्येच असते, पण जीझिप केलेली, आधी उघडावी लागते. ‘१२३४५६७८९’सारखे पासवर्ड लगेच गळाला लागतात. दुसऱ्यांदा चालवल्यावर जॉन काहीच दाखवत नाही, कारण सापडलेलं त्याने आधीच साठवलेलं असतं. ‘--शो’ पर्याय द्या.

अहवाल

प्रत्येक त्रुटीसाठी पोर्ट, आवृत्ती, वापरलेली कमांड, तिचं उत्तर, संभाव्य नुकसान आणि उपाय लिहा. ग्राहक पैसे या कागदाचे देतो. उपाय लिहून थांबू नका, करून बघा: एफटीपी सेवा बंद करा आणि फक्त पोर्ट २१ पुन्हा स्कॅन करा. ‘क्लोज्ड’ आलं तर सेवाच थांबली आहे. ‘फिल्टर्ड’ आलं तर वाटेत फायरवॉल अडवतोय, आणि मागे तीच कच्ची आवृत्ती अजून चालू असू शकते.